घटिकापालाची करवंटी

सज्जनहो, फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घराघरांत घड्याळे नव्हती आणि अवघी नगरी एका माणसाच्या हाताकडे कान लावून चालत असे. तो माणूस म्हणजे राजाचा घटिकापाल.

राजवाड्याच्या देवडीवर पाण्याने भरलेले एक मोठे घंगाळ होते. त्यात तांब्याची एक वाटी तरंगे. वाटीच्या बुडाशी सुईएवढे छिद्र. त्यातून पाणी हळूहळू आत येई, आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली असे समजत. घटिकापाल मोगरी उचलून काशाच्या थाळीवर टोल देई आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असे तीस टोल. त्या टोलांवर देवळाचे दार उघडे, बाजार भरे, आणि मळ्यांना पाटाचे पाणीही त्याच टोलांवर मिळे. एकाची पाळी संपली की टोल, आणि पाटकरी पाणी पुढच्या मळ्याकडे वळवी.

घटिकापालाचे वडील तुळशीमाळा करीत. त्यांच्या मागे दोरीने फिरणारे गिरमिट आणि ते चालवण्याची कला मुलाकडे आली. राजाचा नियम असा होता, की साठी भरली की मोगरी दुसऱ्याच्या हाती द्यायची. घटिकापालाला अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. तो मनाशी म्हणे, ‘आजच वडिलांचा उद्योग उभा केला नाही, तर साठीनंतर रिकाम्या हातांनी ओट्यावर बसावे लागेल, आणि कला माझ्याबरोबरच संपेल.’

देवस्थानच्या पंचांनी त्याला शब्द दिला. “चैत्राच्या जत्रेला एकवीस माळा घेऊन या. सभामंडपाजवळची जागा तुमची. कमी आणल्यात तर जागा दुसऱ्याला.”

जत्रेला आठ महिने होते. घटिकापाल उत्साहाने कामाला लागला. एखाद्या संध्याकाळी तो जेवणखाण विसरून मणी करी. मग आठ-आठ दिवस गिरमिटाला हात लावीत नसे. चार महिने असे गेले. टोपलीत अर्धवट मण्यांचा ढीग साचला, पण माळ एकही झाली नाही.

“अहो, हे मणी आहेत की भाजायला आणलेले चणे?” पत्नीने टोपली हलवून विचारले.

“थट्टा करू नकोस. वेळ कुठे मिळतो मला? दिवसभर त्या वाटीकडे डोळे लावून बसायचे.”

आणि हे बोलता बोलताच एक विचार त्याच्या मनात शिरला. वाटी बुडायला अख्खी घटिका लागते. तोवर हात रिकामेच असतात. मग देवडीवरच मणी का करू नयेत? तुळशीचे काम म्हणजे देवाचेच काम!

दुसऱ्या दिवशी तो गिरमिट घेऊन देवडीवर बसला. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी मात्र काही वेगळेच घडले. मण्याला भोक पाडता पाडता त्याने मान वर केली, तर वाटी तरंगतच होती. आणखी एक मणी झाला. वाटी तरंगतच होती. आणखी दोन झाले. तरी वाटी पाण्यावरच!

त्याचे डोळे भरून आले. “पांडुरंगा, माझ्यासाठी घटिका लांबवलीस रे!” असे म्हणून त्याने हात जोडले आणि पाचवा मणी हाती घेतला.

सज्जनहो, देव असा एकाचा वेळ काढून दुसऱ्याला देत नाही. गिरमिटाचा भुसा उडून वाटीत पडला होता, भिजून फुगला होता, आणि त्याने ते सुईएवढे छिद्र बुजवले होते. वाटी बुडणारच नव्हती.

सूर्य देवडीच्या खांबापलीकडे गेला तेव्हा खाली लोक जमले. पुजारी विचारीत होता, नैवेद्य केव्हा दाखवू? पाटकरी ओरडत होता, “एकाच्या मळ्यात गुडघाभर पाणी झाले, पाणी वळवू की नको?” आणि सर्वांच्या मागे एक म्हातारी माळीण उभी होती. तिचा मळा पाटाच्या शेवटी होता. टोल न झाल्याने तिची पाळी उलटून गेली होती, आणि देवासाठी लावलेली शेवंतीची कोवळी रोपे उन्हात माना टाकून पडली होती.

प्रधानांनी वाटी उचलून पाहिली. नखाने भुसा काढून त्यांनी तो घटिकापालाच्या तळहातावर ठेवला.

“हे काय आहे?”

“तुळस आहे, सरकार.”

“देवडीवर हा कचराच. एक तर ते गिरमिट तळ्यात टाक, नाही तर मोगरी इथे ठेव आणि घरी जा. दोन्ही एका हातात राहणार नाहीत.”

घटिकापाल एकदा मोगरीकडे पाही, एकदा गिरमिटाकडे. मोगरी ठेवली तर उद्या चूल कशी पेटणार? गिरमिट टाकले तर वर गेल्यावर वडिलांना काय सांगणार?

तेवढ्यात माळीण पुढे झाली. “सरकार, नुकसान माझे झाले, तर दंडही मला सांगू द्या. याने माझी घटिका घेतली. ती याने मला फेडावी. रोज पहाटे, चाकरीवर येण्याआधी, एक घटिका माझ्या मळ्यात यावे आणि मी सांगेन तेच काम करावे. देवडीवर मात्र याच्या हातात मोगरीखेरीज काही दिसले, तर तुम्ही खुशाल याला घालवा.”

प्रधानांनी विचारले, “आणि गिरमिट?”

“ते माझ्याकडे राहील.”

प्रधानांनी ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे घटिकापाल बादली घेऊन मळ्यात गेला. “मावशी, रोपांना पाणी घालू ना?”

“पाणी माझे मी घालीन. हातपाय अजून चालतात माझे.” तिने ओट्यावर फडके अंथरले होते. त्यावर ते गिरमिट होते. “बैस, आणि मणी कर.”

घटिकापालाने बादली खाली ठेवली.

माळिणीने गळ्यातली माळ पदराबाहेर काढली. “ही तुझ्या वडिलांच्या हातची. दोरा तीनदा बदलला, मणी एकही नाही. तुझ्या हाताला ते काम येते, बाबा. तुला नेमाने बसायला तेवढे येत नाही.”

मग तिने नारळाच्या करवंटीला खाली बारीक छिद्र पाडून ती बादलीत तरंगत सोडली. “ही बुडाली की उठायचे.”

त्या दिवशी करवंटी बुडाली तेव्हा तीन मणी झाले होते, चौथा अर्धा होता.

“मावशी, एवढा एक पुरा करतो.”

“नाही. टोल चुकेल.”

“अहो, अर्धाच राहिलाय!”

“राहू दे. अर्धा मणी उद्या तुला लवकर उठवील.”

आणि खरोखर तसेच झाले. देवडीवर तो आता वाटीखेरीज कशाकडे पाहत नसे, कारण मण्यांसाठी पहाट राखलेली आहे हे मनाला ठाऊक होते. आणि पहाटे त्याच्या मनात वाटी नसे. रोज तीन मणी. ना अधिक, ना उणे. छत्तीस दिवसांनी एकशे आठ मणी झाले आणि पहिली माळ ओवली गेली. वाटी तरी काय करते? एकाच छिद्रातून थोडे थोडे घेत राहते आणि वेळेवर भरते.

जत्रेला तीनच माळा घेऊन तो पंचांसमोर उभा राहिला. पंचांनी जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती.

“एकवीस सांगितल्या होत्या,” ते म्हणाले.

“तीनच झाल्या. पण एकेक मणी पाहा,” घटिकापाल म्हणाला आणि मागे वळला.

देवळाच्या पायरीवर माळीण फुलांची पाटी घेऊन बसली होती. यंदा तिच्या पाटीत शेवंती थोडीच होती. तिने पाटी वीतभर सरकवली. “ये, बैस. आपल्या दोघांचाही माल यंदा कमीच आहे.”

दुपारच्या आत तिन्ही माळा गेल्या. मागून आलेल्यांना तो सांगे, “छत्तीस दिवसांनी या.” लोक हसत, पण छत्तिसाव्या दिवशी येत, आणि माळ तयार असे.

अशी बारा वर्षे गेली. माळीण देवाघरी गेली. तिची करवंटी घटिकापालाच्या अंगणात आली. साठी भरली त्या दिवशी त्याने तिसावा टोल दिला, मोगरी नव्या माणसाच्या हाती ठेवली आणि म्हणाला, “वाटीत डोकावून पाहत जा रे.” बारा वर्षांत एकही टोल चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो अंगणात मणी करायला बसला. करवंटी बुडताच सवयीने गिरमिट ठेवून उठला, उपरण्याला हात घातला. मग त्याला आठवले, की आज देवडीवर कुणी वाट पाहत नाही. तो स्वतःशीच हसला, करवंटीतले पाणी ओतले आणि ती पुन्हा पाण्यावर सोडली.

तात्पर्य: चाकरीतून चोरलेल्या वेळाने चाकरीही बिघडते आणि उद्योगही; स्वतःच्या दिवसातून रोज नेमाने दिलेली एक घटिका दोन्ही तारून नेते.