शौचखड्ड्याची जागा

ओढ्याकाठच्या रानात एक साळिंदर राहत असे. खणण्यात त्याचा हात धरणारे तिथे कोणी नव्हते. बोलायला मात्र ते अगदी बेताचे. एका वर्षी ओढ्याची धार बारीक झाली, आणि जो तो काठावरच मोकळा होत असल्याने पाणी नासले. ते पिऊन हरणीच्या पाडसाला हगवण लागली. चार दिवसांत ते इतके गळून गेले की उठून उभे राहीना. तेव्हा सगळे प्राणी जमले आणि पाण्यापासून दूर, सर्वांसाठी एक शौचखड्डा असावा, असे एकमताने ठरले. खणायचे काम अर्थातच साळिंदराकडे आले.

त्याने माळावर खणायला घेतले. खड्डा हातभर खोल होतो न होतो तोच ससा धावत आला. खड्ड्याला त्याचा विरोध नव्हता. फक्त वारा त्याच्या बिळाकडे वाहतो, एवढेच त्याचे म्हणणे. साळिंदराने खड्डा बुजवला आणि करवंदीच्या जाळीमागे दुसरा खणला. तिथे मोर आडवा आला. आपली नाचायची जागा पंचक्रोशीत नावाजलेली आहे, तिथे पाहुणे येतात, असे त्याने सांगितले. तोही खड्डा बुजला. मग कोल्ह्याने सभा बोलावली. दोन दिवस चर्चा झाली आणि प्रत्येकाने मोठ्या उदारपणे शेजाऱ्याची जागा सुचवली. हरणी एका कडेला उभी होती.

"तुमचं ठरेपर्यंत माझं पाडस राहील का?" एवढेच ती म्हणाली.

सभा पुढच्या दिवसावर गेली.

साळिंदर घरी आले. त्याचे पंजे सोलवटले होते, आणि हरणीचा प्रश्न मनातून जात नव्हता. स्वतःचे बीळ सोडून आपण बाकी सगळ्यांच्या दारात खणत हिंडलो, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला ओशाळल्यासारखे झाले. ते तसेच बाहेर पडले आणि आपल्या बिळापासून वीस पावलांवर त्याने खणायला सुरुवात केली. या वेळी अडवायला कोणीच आले नाही.

पहिले दोन दिवस, कोण जाते ते पाहायला सगळे आले. जायला कोणी नाही. तिसऱ्या दिवशी हरणी सगळ्यांदेखत गेली आणि मग एकेक जण येऊ लागला. हळूहळू पाणी निवळले. पंधरवड्याने पाडस आईमागून चरायला निघाले.

त्यानंतर कोल्हा साळिंदराकडे आला. "सोय उत्तम झाली," तो म्हणाला, "पण फार लांब पडते. सगळ्यांची तक्रार आहे."

"मग तुझ्या दारात एक खणून देतो," साळिंदर म्हणाले.

कोल्ह्याने त्या विषयावर पुन्हा सभा बोलावली नाही.

तात्पर्य : सर्वांची सोय सगळ्यांनाच हवी असते, पण जो तिच्यासाठी आपल्या दारची जागा देतो, त्याच्याच हातून ती उभी राहते.