बटेची लांबी

करंजगडच्या महाराजांचे केस दाट कुरळे. त्यांनी रखमाजी न्हाव्याला बोलावलं, ते दिवाणांना खुपलं. त्यांना आपला माणूस लावायचा होता. ते रखमाजीला म्हणाले, "महाराजांना केस कानांच्या वर हवेत, राणीसाहेबांना खांद्यापर्यंत. दोघांचं मन राख, नाहीतर गाव सोड!"

रखमाजीने केस न भिजवता एकेक बट निरखून कापली. कुरळे केस कानांवर असे डौलात बसले की महाराज आरशापुढून हलेनात.

"आणि खांदा?" दिवाण गरजले.

"राणीसाहेब, एक बट ओढून बघा," रखमाजी म्हणाला.

राणीसाहेबांनी ओढली. बट थेट खांद्याला टेकली आणि सोडताच टुणकन वर गेली.

रखमाजीने हात जोडले. "दिवाणसाहेब, कुरळा केस आणि गरीब माणूस दिसायला आखूडच. ताणून पाहिल्याशिवाय लांबी कळत नाही."

महाराज खदखदून हसले. रखमाजी गावातच राहिला, दरबारचा न्हावी म्हणून.