वरच्या टोल्याचं धान

आमच्या तलावाची पाळ आजच्यापेक्षा हातभर ठेंगणी होती, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

गावात डोमा नावाचा पाणकर होता. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती पाणी सोडायचं ते तो ठरवायचा आणि सुगीनंतर घरोघरचं पाण्याचं धान गोळा करायचा. त्यातून पाळीची डागडुजी व्हायची आणि त्याचं पोटही चालायचं. पाण्याचा घोट तोंडात धरला की त्यात कोणाच्या शेतातली माती आहे ते त्याला कळायचं, असं म्हणतात.

एके वर्षी त्याने खोली मोजायला तलावात बांबू रोवला, तर तो निम्मा गाळातच गेला. गाळ येत होता वरच्या टोल्यावरून, म्हणजे चढावरच्या छोट्या वस्तीवरून. तिथले लोक उतारावरचं गवत नांगरून कोदो पेरायचे आणि पावसासरशी माती खाली यायची. आणखी चार पावसाळे, की तलाव बुजलाच असता. डोमा वर गेला आणि गवताचे पट्टे राखा म्हणून सांगू लागला. फगनीबाई नावाची म्हातारी निंदण करत होती. ती मान वर न करता म्हणाली, “माती राखाची आमी, न् धान पिकवाचं तुमी. मंग लेकराइले का गवत रांधू?”

डोमा ते ऐकून खाली उतरला.

गावच्या बैठकीत तो म्हणाला, जो गवत राखेल त्याला पाण्याच्या धानातला हिस्सा द्यावा. लोक हसले. डोमाची सासुरवाडी टोल्यावर आहे काय, असं पाटलाने विचारलं. तेव्हा डोमाने स्वतःच्या वाट्याचं धान टोपलीत भरून डोक्यावर घेतलं आणि चढ चढला.

कोणाला किती, ते मडक्यावर ठरे. प्रत्येकाने आपल्या शेतातून वाहणारं पाणी मडक्यात भरून आणायचं. गाळ जितका कमी बसेल, तितकं धान जास्त. पहिल्याच वर्षी फगनीबाईने पाणी लुगड्यातून गाळून आणलं. डोमाने घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, “बाई, माती नाही, पण लुगड्याचा रंग लागतो आहे.” म्हातारी हसत सुटली, आणि पहिला पट्टा तिच्याच शेतात राहिला.

तीन वर्षं डोमाच्या घरी आंबिलीवर दिवस निघाले. चौथ्या वर्षी पाऊस रुसला. आसपासचे तलाव भेगाळले. आमच्या तलावाने मात्र एका रात्रीत जुना गाळ गिळला आणि धान पिकेपर्यंत पाणी पुरवलं, असं म्हणतात. काही जण त्यात हत्ती बुडाला असता असंही सांगतात. जुनी माणसं बांबूवरच थांबतात; बांबूभर पाणी होतं, एवढंच म्हणतात.

त्या सुगीला पाटील डोमाच्या दारी आला. “यंदा टोपली माझ्या डोक्यावर दे,” एवढंच म्हणाला.

आजही धान घ्यायला टोल्यावरच्या कोणाला खाली बोलावत नाहीत. ते घेऊन वर जायचं असतं. टोपली ज्याच्या डोक्यावर, तो त्या दिवसापुरता डोमा, मग तो सरपंच असो की मास्तर. टोल्यावरच्या बाया त्याला पाणी देतात आणि दटावतात, “काहून रे डोमा, उशीर केला?”

त्याने टोपली उतरवायची आणि म्हणायचं, “चढ होता, बाई.”