नजरेपुरता दर्या

इनाम मिळालं की माणसाची नजर लांबते. कातळबंदरच्या तात्या खोतांची तशीच लांबली. चैत्रात सुरमई काठाजवळ येऊ लागली, तसे ते बंदरावर येऊन गरजले, "काठावरून नजर पोचते तेवढा दर्या माझ्या आजाला इनाम आहे. त्यातला मासा माझा. तुम्ही नजरेपलीकडे जा."

चांगुणा कोळणीने काठावरच्या होड्यांकडे पाहिलं. मोठे मचवे जातील पलीकडे. तिच्या नवऱ्याची होडी चिमुकली; खोल पाण्यात एक लाट तिला पुरे. आणि घरात दुसरा धंदा नव्हता.

नवरा जाळं गुंडाळू लागला. चांगुणा मात्र ताज्या सुरमईची पाटी घेऊन पुढे झाली.

"तात्या, दिसेल तेवढंच तुमचं ना?"

"तेवढंच! केसभर जास्त नको मला."

"मग बघा बरं दर्यात. मासा दिसतो का?"

तात्यांनी डोळ्यांवर हात धरला. "नुसतं पाणी दिसतंय."

"मग पाणी तुमचं. खालचं न दिसणारं आमचं."

"अगं ए शहाणे! ही पाटीतली सुरमई मला ढळढळीत दिसते आहे!"

"दिसणारच. पण ती आता दर्यात कुठाय? माझ्या पाटीत आहे. पाटी इनामात दिलीय का तुमच्या आजाला?"

सारं बंदर हसलं. तात्या लालबुंद होऊन वळले, तशी चांगुणा मागून ओरडली, "रिकाम्या हाताने नका जाऊ, तात्या! तुमचा वाटा न्या. घागर देऊ का?"