देवयानीच्या पायावर पाणी

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा म्हणायचं आपलं, वाईट दिसतं म्हणून. खरं तर देव अक्कल वाटत होता तेव्हा हा चाळण घेऊन गेला होता. नाव म्हादू. बायको केशर रुसून माहेरी बसलेली, तिला न्यायला आला.

सासरे विसोबा मास्तर. त्यांनी परसात दुर्बीण मांडलेली. देवयानी नावाची दीर्घिका, म्हणजे फार फार लांबचं ताऱ्यांचं गाव, तिचा फोटो काढायचा त्यांना ध्यास. ते म्हणाले, "जावईबापू, जरा मदत करा. फोटो नीट आला तर केशरला घेऊन जा. नाहीतर एकटे जा."

"बरं मामा."

"आणि दुर्बीण हलू देऊ नका."

म्हादूने दुर्बिणीला कडकडून मिठी मारली. हा श्वास घेई, ती डुले. फोटोत ताऱ्यांच्या शेवया झाल्या.

"अहो, हात कशाला लावता! लांब उभं राहून नुसतं बघायचं!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी शेळी आली. तिने कॅमेऱ्याची वायर चवीने खाल्ली. म्हादूने लांब उभं राहून नीट बघितलं.

"अहो शहाणे, दुर्बिणीजवळ कोणी आलं तर काठी घालावी!"

"बरं मामा."

मास्तर नवी वायर आणायला तालुक्याला गेले. दिवेलागणीला दमूनभागून परसाच्या वाटेने आले. दुर्बिणीजवळ पोचतात तोच म्हादूने काठी घातली. चांगली पाठीत. कामाला वाघ हो गडी!

"अगं आई गं!" मास्तर कळवळले. "लांबून दमून कोणी आलं तर भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायावर पाणी घालावं. एवढीसुद्धा रीत नाही?"

"बरं मामा."

एकदाचं आभाळ स्वच्छ मिळालं. शेळी बांधलेली, वायर शाबूत, म्हादूच्या हातात काठी नाही. केशरने आत पिशवीसुद्धा भरली. मास्तरांना आनंद मावेना. "जावईबापू, देवयानीचा उजेड लाखो वर्षं वाट तुडवत आलाय! आज आपल्या परसात पोचला. या नळीतून आत येतोय बघा!"

म्हादूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाखो वर्षं! बिचारी!

तो आत पळाला. भाकरतुकडा आणला, नळीवरून ओवाळला, लांब फेकला. मग भरली बादली उचलली आणि आभाळाकडे आ वासलेल्या नळीत भडाभडा ओतली.

मास्तर मटकन खाली बसले.

"मामा," म्हादूने हळूच विचारलं, "पाव्हणीला गूळ देऊ का?"

म्हादू एकटाच गावी परतला. केशर कुठाय, असं कोणी विचारलं की अजून छाती फुगवून सांगतो, "मामांकडे लई लांबची पाव्हणी आलीया. तिचं करायला ठेवून घेतलीया केशरला."