पाच नंबरचे बूट

"बूट काढ म्हटलं ना!"

"नाही काढणार, बाई. फायनल तासावर आलीय!"

"बूट काढ, नाहीतर कॅप्टनपद काढून घेते."

"घ्या! बुटांना मात्र हात लावू देणार नाही."

मैदानावर पाणी मारून झालं होतं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा ताज्या होत्या, आणि खो-खोच्या खांबाशी हौसाबाई नि प्रणिता समोरासमोर उभ्या. एक चाळीस वर्षं याच मातीत पोरी घडवणारी म्हातारी, दुसरी पंधरा वर्षांची कॅप्टन. बाकीच्या अकराजणी कडेला. मध्ये पडणार कोण?

बूट साधेच, कॅनव्हासचे. पण त्यांच्या क्रीडामंडळाची रीत होती. जाणाऱ्या कॅप्टननं ते येणारीच्या पायात घालायचे. फाटले की नवे आणायचे, पण पाच नंबरचेच. त्या नंबरात फायनल हरायची नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा.

प्रणिताला लागायचे साडेसहा. तिनं बोटं मुडपली नि पाय आत कोंबला.

सहा महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं, लालबुंद झालं. अंगठा शेजारच्या बोटावर कलायला लागला. पोरीनं कापूस लावला, चिकटपट्टी लावली, आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. आज सरावात खांबाला वळताना कळ मस्तकात गेली, आणि बाईंनी ती तिच्या चेहऱ्यावर पकडली.

"कधीपासून दुखतंय?"

"खेळाडूला दुखायचंच. तुम्हीच म्हणता."

"म्हणते खरी. गाढव आहे मी."

पोरी फिस्सकन हसल्या. प्रणिताच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"बाई, तुमच्यासमोर घातले मी हे! पहिली कॅप्टन तुम्ही. तुम्ही पाच नंबरातच जिंकलात ना?"



हौसाबाई मातीत फतकल मारून बसल्या. त्यांना मोज्यांशिवाय कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोजे ओढून काढले.

अंगठा आडवा होऊन दुसऱ्या बोटाखाली शिरला होता. मुळाशी सुपारीएवढं हाड.

"जिंकले. माझं माप सहा."

"मग पाच का घेतलेत?"

"दुकानात तेवढीच जोडी शिल्लक होती."

कुणी हसलं नाही...

प्रणिता खाली बसली. नाड्या सोडल्या. बाईंनी तिचं पाऊल मातीवर टेकवलं, चिमटीत फक्की घेऊन भोवती रेघ ओढली, पाय उचलायला लावला नि त्या आकृतीवर बूट ठेवला.

दोन्ही बाजूंनी पाऊल बाहेर उरलं होतं.

"आज अनवाणी पळ. कळ आली की हात वर करायचा नि बाहेर बसायचं, फायनल गेली खड्ड्यात! उद्या हाडाच्या डॉक्टरकडे. आईला मी सांगते."

"आणि खांबाला घसरले तर?"

"पळून तर बघ!"

प्रणिता निघाली. ओली माती बोटांमध्ये शिरली. बोटं पसरली, सुटी झाली, जमीन धरायला लागली. दहा पावलं... खांब... आणि गर्रकन वळली! कळ आली नाही. पोरींनी एकच गिल्ला केला. ती पुन्हा धावली, पुन्हा वळली, हसत, धापा टाकत बाईंसमोर येऊन थडकली. तरी भांडण सोडेना.

"पण बाई, चाळीस वर्षांची रीत मोडलीत! आता मी जाताना नव्या कॅप्टनच्या पायात घालू काय?"

हौसाबाईंनी फक्कीचं घमेलं तिच्यापुढं सरकवलं.

"आधी तिचं पाऊल काढ."