तलोदरीने अडवलेला सागरतळ

कृतयुग उतरणीला लागले होते, आणि देवदानवांच्या घनघोर संग्रामात पडलेल्या असंख्य दानववीरांचे देह जलाधिपती वरुणाच्या अथांग उदरात विसावले होते. त्यांत तलोदरी नामक दानवीचा एकुलता एक पुत्र शुक्तिकर्ण होता. सूर्यकिरणही जिथे पोहोचत नाहीत, त्या सागरतळाशी तिने त्याला स्वहस्ते निजवले होते. पुढे नद्यांनी वाहून आणलेला गाळ, ज्वालामुखी पर्वतांची राख आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जलजीवांच्या कवचांचा शुभ्र चुरा वरून अहोरात्र झिरपत राहिला, आणि त्या मऊ पांघरुणाखाली पोर शांत झोपले. तलोदरी त्याच्या उशाशी बसून असे. तिला आणखी काही नको होते.

पण देवांना विजयोत्सवाचे वेध लागले. वरुणाने सागरतळावरच स्फटिकाची सभा उभारण्याचे योजले, आणि सारा चिखल खरवडून काढण्याची आज्ञा आपल्या महामकरांना दिली. मकर सरसावले, तशी तलोदरी लेकराच्या उंचवट्यापुढे पाय रोवून उभी राहिली. हे कळताच पाशधारी वरुण स्वतः तेथे आला.

"दूर हो, दानवी! देवांच्या पायांना चिखल लागता कामा नये."

"मग देवांनी आपले पाय स्वर्गातच ठेवावेत!" तलोदरी कडाडली. "रणात माझे लेकरू मारलेत, ते मी सोसले, ते रण होते. पण त्याच्या अंगावरचे पांघरूण ओढणारा तू कोण? इथला कणही हलणार नाही."

"चिखल एवढा प्रिय आहे?" वरुण गरजला. "तर कल्पान्तापर्यंत इथेच पडून राहा! त्रैलोक्याची धूळ तुझ्यावर साचत राहील, आणि ती कुणालाही दूर करता येणार नाही!"

तलोदरी खदखदून हसली. देवांची ही खोडच आहे. रागाच्या भरात ते नको ते देऊन बसतात.

"आता शब्द फिरवू नकोस, जलेश्वरा!" असे म्हणून ती लेकराला कुशीत घेऊन तिथेच आडवी झाली. तिच्या पाठीच्या कण्याची पाण्याखालची पर्वतरांग झाली. पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांपाशी अथांग दरी पडली. वरुण चडफडला, पण स्वतःचाच शाप त्याला मोडवेना. मकर आल्या वाटेने परतले, आणि स्फटिकाची सभा काही उभी राहिली नाही.

तेव्हापासून सागरतळावर गाळ पडतोच आहे. वरुणाला समुद्राचा राजा म्हणतात, म्हणोत बापडे. तळाशी मात्र त्याची आज्ञा चालत नाही. तिथे एका आईचे पोर झोपले आहे.